सिमला ऑफिस पुण्यातच आहे, मग हॅम्बुर्गला कशाला?

प्रश्न: ताई, मी पुण्यात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव सासवडजवळ, घरी अंजीर आणि सीताफळ. क्लायमेट चेंजमध्ये बाहेरून मास्टर्स करायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात हवामान खात्याचं अख्खं सिमला ऑफिस शिवाजीनगरला असताना लाखो रुपये घालून तिकडे कशाला, आणि पाऊस तर आमच्या लहानपणीपण लहरीच होता, तिकडचे लोक त्यात वेगळं काय सांगणार. मला नीट उत्तर देता येत नाहीये. जाऊ की नको?
– सासवडची, सध्या कर्वेनगर

उत्तर: बाबांचा प्रश्न उडवून लावू नकोस गं, त्यात खूप तथ्य आहे. मॉन्सून शिकायचा तर पुण्यासारखी जागा जगात फार कमी ठिकाणी आहे. पाषाणच्या आयआयटीएम या मॉन्सून संशोधन संस्थेने बनवलेलं हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, सहाव्या अहवालामागच्या जागतिक प्रयोगांत होतं, आणि 2020 मध्ये भारतावरचा जो सरकारी अहवाल आला तो मुख्यतः तिथल्याच लोकांनी केला. त्यात म्हटलंय की 1951 ते 2015 या काळात देशात मॉन्सूनचा पाऊस साधारण 6 टक्के कमी झाला, आणि ही घट ठळक दिसते ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. म्हणजे तुमच्या वरच्या अंगालाच.

पण बाबांचं दुसरं वाक्य, पाऊस आधीपण लहरीच होता, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे, की निसर्गाची नेहमीची लहर किती आणि माणसाने केलेला बदल किती हे वेगळं कसं करायचं. त्याची रीत बसवली क्लाउस हासलमान यांनी, जर्मनीत हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये, आणि 2021 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं त्यांना त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यामुळे तिकडच्या लोकांकडे आपल्या पावसाबद्दल सांगण्यासारखं आहे, आणि हे बाबांना सांग. हॅम्बुर्ग युनिव्हर्सिटीत क्लायमेटचं दोन वर्षांचं इंग्रजीतलं मास्टर्स आहे, गणित-फिजिक्सचा पाया लागतो जो तुझ्याकडे आहे.

आता एक नीट ठरव. क्लायमेट चेंज नावाच्या कोर्समध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, एकीकडे वातावरण, समुद्र, मॉडेल, कोडिंग, आणि दुसरीकडे धोरण, अर्थकारण, शेतीने जुळवून कसं घ्यायचं वगैरे. जाहिरातीत दोन्हींचा फोटो सारखाच असतो त्यामुळे नावावर जाऊ नकोस, विषयांची यादी उघडून वाच.

पैशाचं बोलू. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचे काही शे युरो भरायचे, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते तुझेच पैसे, दरमहा 992 युरो परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात ना. युरोपियन युनियनची इरास्मस मुंडुस स्कॉलरशिप मिळाली तर महिना 1,400 युरो, फी नाही, किमान दोन देशांत शिकायला मिळतं, आणि शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. जर्मनीच्या डाड या संस्थेची विकासविषयक कोर्सची स्कॉलरशिप आणि ब्रिटिश सरकारची चेवनिंग मात्र आत्ता तुझ्यासाठी नाहीत, दोन्हींना दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जमीन गहाण ठेवून ब्रिटनचा एक वर्षाचा महाग कोर्स करू नकोस, हे मी स्पष्टच सांगते.

माझं मत, इरास्मस आणि हॅम्बुर्ग दोन्हीकडे अर्ज कर आणि त्याच वेळी इथे पुणे विद्यापीठाच्या वातावरण विभागातही. स्कॉलरशिप मिळाली तर जा, नाही मिळाली तर इथे एमएस्सी करून पीएचडीला बाहेर जा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि अर्जाच्या पत्रात पृथ्वी वाचवायची आहे असलं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी आत्ताच एक काम कर. सिमला ऑफिसच्या साइटवर 1901 पासूनचा रोजचा पाऊस फुकट मिळतो, देशाचे अक्षांश-रेखांशावर पाव अंशाचे चौकोन पाडून. पायथनमध्ये कोडिंग थोडं शीक आणि पुरंदरचा चौकोन काढ. बघशील की एक चौकोन पंचवीसेक किलोमीटरचा आहे, आणि तुमच्याकडे तर तेवढ्या अंतरातही पाऊस खूप बदलतो, वेल्ह्याला धो धो आणि दोनेक चौकोन पलीकडे जेजुरीला वाट बघायची. मग अंजिराला नडणारा अवकाळी या आकड्यात दिसतो का, की चौकोनाच्या सरासरीत विरघळतो? बाबांना विचार कुठल्या वर्षी बाग गेली, ती वर्षं आलेखावर लाव, आणि जे जुळत नाही तेच पत्रात लिही. तेवढं घेऊन आयसरच्या किंवा आयआयटीएमच्या एखाद्या संशोधकाला मेल टाक, मुद्द्याचा मेल असला की लोक वाचतात.

जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ जातो, त्यामुळे मार्कशीट हातात आल्या आल्या ते आधी लाव.