नानाकाकांच्या दोन ट्रंका

"ताई, आमचे नानाकाका जानेवारीत गेले. लग्न केलं नाही, गिरगावात आमच्याच बिऱ्हाडात राहिले. आठवडाभर कचेरी आणि रविवारी पहाटे बोर्ड, घडीचं स्टूल घेऊन निसर्गचित्रं काढायला बाहेर. पन्नास वर्षांची चित्रं दोन ट्रंकांत आहेत, त्यांत एकट्या माहीमच्या खाडीचीच तीसेक. चाळ पुनर्विकासाला चालली, दोन महिन्यांत खोली रिकामी करायची आहे. भाऊ म्हणतो, चार चांगली फ्रेम करू, बाकीची काढून टाकू. मला वाटतं जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन भरवावं. आणि एक गोष्ट मनाला खाते. कॉलेजात असताना मी त्यांना म्हणाले होते, 'काका, पुन्हा तीच माहीमची खाडी?' ते नुसते हसले. मग मला चित्र दाखवायचे थांबलेच."

– एक पुतणी, गिरगाव

प्रिय ताई,

तुम्ही पाठवलेला खाडीच्या चित्राचा फोटो सकाळपासून चारदा पाहिला. मधल्या होडीचं शीड बघा. त्याला पांढरा रंग लावलेलाच नाही, तिथे काकांनी कागद कोरा सोडलाय. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, पहिल्या फटकाऱ्याआधीच तो राखून ठेवावा लागतो. आकाशाचा ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, त्या शिडाच्या कडेला येऊन अचूक थांबलाय. असा हात बसायला किती रविवार गेले असतील!

मुंबईत जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्र करण्याची परंपरा जुनी आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आणि चित्रकार सावळाराम हळदणकरांसारख्यांची जलरंगावरची हुकूमत आजही विद्यार्थ्यांना दाखवली जाते. तुमचे काका त्याच वाटेवरचे. नाव झालं नाही म्हणून काम उणं ठरत नाही.

आता भावाचं. त्याच्यावर रागावू नका, नव्या जागेत दोन ट्रंका कुठे ठेवायच्या हा त्याचा प्रश्न खराच आहे. पण 'चार चांगली' निवडायची घाई नको. माझ्या मामांची पेन्सिलचित्रं आम्ही अशीच वाटून टाकली, एकाचाही फोटो न काढता. वीस वर्षं झाली. कुणाच्या घरी काय आहे, काय पावसात भिजून गेलं, आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वाटणीआधी प्रत्येक चित्राचा फोटो, मागच्या बाजूसकट. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असं, फ्लॅश बंद ठेवून. चित्र कुणाला दिलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे राहतो, हे भावाच्याही कानावर घाला.

ट्रंका उघडाल तेव्हा दमट वास आला तर चित्रं उन्हात वाळत घालू नका, रंग उडतील. बुरशीचे ठिपके ओल्या फडक्यानं पुसू नका. फाटलेल्याला सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. मध्ये घातलेली वर्तमानपत्रं काढून ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, कागद घाला. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, म्हणजे काच चित्राला चिकटणार नाही. फारच बिघडलेली असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारा.

जहांगीरचा नाद मात्र सध्या सोडा. तिथे तारीख मिळायला वर्षं लागतात, तुमच्याकडे महिने आहेत. शिवाय चित्रांखाली लिहिणार काय? कुठलं ठिकाण, कुठलं साल, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? ते सांगू शकणारी माणसं आज तुमच्याच चाळीत आहेत आणि दोन महिन्यांत ती बोरिवली-विरारला पांगतील. हे मला सगळ्यात तातडीचं वाटतं. एखाद्या कोरड्या रविवारी सकाळी चाळीच्या गॅलरीत दोरी बांधा, सावलीत चिमटे लावून चित्रं टांगा आणि जुन्या बिऱ्हाडकरूंना चहाला बोलवा. कुणी म्हणेल, ही लालबागच्या गिरणीची चिमणी, मी तिथेच कामाला होतो. कुणी म्हणेल, अरे, ही तर आपली विहीर, आता बुजवली. वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट. चित्रामागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आणि ती खाडी. तुम्ही लिहिता, त्या एका जागेची तीसेक चित्रं आहेत. ती वेगळी काढा आणि काहीही झालं तरी फोडू नका. सालवार लावा. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ मध्ये सुरू झाला. त्याआधीचं मोकळं क्षितिज, मग समुद्रात उभे राहत गेलेले खांब, मग पूल, हे सगळं त्यांत असेल. पावसाळ्यातली चित्रं तुम्ही लगेच ओळखाल. हवेत ओल असते, कागद सुकता सुकत नाही, म्हणून रंगांच्या कडा एकमेकांत विरघळलेल्या असतात. 'तीच खाडी' असं तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या असताना म्हणालात, त्या वयात कुणीही म्हणेल. हसून सोडणाऱ्या माणसानं ते मनात धरलं असेल असं मला वाटत नाही. पण ते दाखवायचे थांबले, ही सल आहेच, ती मी खोटी ठरवणार नाही. तुम्ही ज्या वर्षी ते बोललात त्या वर्षीचं खाडीचं चित्र त्या तिसांत सापडतंय का बघा. सापडलं तर दोरीवर पहिलं ते लावा, आणि त्याची नोंद वहीत तुमच्या हातानं, तुमच्या नावानं करा.

– तुमची ताई