हरभरा गोदामात, पाटल्या तारणात

अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी वाचकांचे पत्र आहे. मार्चमध्ये निघालेला 40 क्विंटल हरभरा त्यांनी गोदामात ठेवला आहे. व्यापारी क्विंटलला 5,300 रुपये देतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून पिवळ्या वाटाण्यावर 30 टक्के आयात शुल्क लागल्याने हरभरा वर्षभरात 7,000 वर जाईल, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. तोवरच्या खर्चासाठी पत्नीच्या पाटल्यांवर 12 टक्क्यांनी काढलेले दोन लाखांचे कर्ज पतसंस्थेत 11 टक्क्यांवर न्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

नेल्यास वर्षाला दोन हजार वाचतील. एवढ्या प्रश्नाचे एवढेच उत्तर. खरा घोळ त्या 7,000 मध्ये आहे.

पिवळा वाटाणा हरभऱ्याचा भाव पाडतो तो बेसनाच्या वाटेने. हरभरा महागला की शेव-फरसाण करणारे कॅनडा आणि रशियातून येणाऱ्या स्वस्त वाटाण्याच्या पिठाकडे वळतात, आणि आपल्या शेवभाजीतल्या शेवेचा दर फारसा हलत नाही. हा वाटाणा डिसेंबर 2023 पासून बिनशुल्क येत होता; 2024-25 मध्ये सर्व कडधान्यांची मिळून आयात 70 लाख टनांच्या पुढे गेली. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,650 असताना तुम्हाला 5,300 का मिळतात, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. शुल्क लागले तरी 31 ऑक्टोबरपर्यंत जहाजावर चढलेल्या मालाला ते लागू नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा हरभरा तर 10 टक्क्यांतच येतो.

शिवाय शुल्क टिकेल, हे कोणी लिहून दिले? सोयाबीन उत्पादकांसाठी सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केले. तेल महागले आणि मे 2025 अखेर हे शुल्क 10 टक्क्यांवर आले. गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे शुल्क वाढले की झळ थेट स्वयंपाकघरात पोहोचते, आणि तेलाचा डबा तुमच्याही घरी विकतच येतो. डाळ महागली की सरकार आयातीचे दार उघडते. तुमचे 7,000 त्या दाराच्या पलीकडे आहेत.

आता हिशेब. व्याज वर्षाला 24,000, म्हणजे क्विंटलमागे 600. भाडे, घट आणि भुंगा धरून आणखी 150. वर्षाने 6,050 मिळाले, तरी ते आजचेच 5,300 झाले, आणि त्याआधी नवा हरभरा बाजारात आलेला असेल. घरच्या डाळीला आणि बियाण्याला दोन क्विंटल ठेवून 38 क्विंटल विका. दोन लाख हाती येतील; कर्ज हलवू नका, फेडा.

आणि पत्राच्या शेवटी ओझरती आलेली ती विमा पॉलिसी, कर्जासोबत ‘घ्यावीच लागली’ अशी, वर्षाला 18,000 हप्त्याची! सोने तारण कर्जाला असली पॉलिसी लागत नाही. ती सरळ तुमच्या गळ्यात मारली आहे. कागद हाती पडून वीस दिवस झाल्याचे तुम्ही लिहिता. 30 दिवसांच्या आत लेखी अर्ज दिल्यास किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. एजंट ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणेल. अर्ज याच आठवड्यात द्या आणि शिक्क्यानिशी पोच घ्या.