जन्मजात, आनुवंशिक की जनुकीय?

दारव्ह्याकडच्या एका आशाताईंनी विचारलंय: बाळाच्या कागदावर 'जन्मजात थायरॉईड कमतरता' असं लिहिलंय. घरचे म्हणतात, "आमच्या घरात तं कोनालेच नाई." मग जन्मजात म्हणजेच अनुवांशिक का?

आधी लेखन. अनुवंश + इक = आनुवंशिक. 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते (इथं 'अ'चा 'आ'), जसं अनुषंगाचं आनुषंगिक. 'अनुवांशिक'मध्ये काना भलत्याच अक्षराला जाऊन बसलाय.

आता अर्थ. जन्मजात म्हणजे जन्मापासूनचं, एवढंच. कारण हा शब्द सांगतच नाही. अशा दहातल्या आठेक बाळांची ग्रंथी एकतर तयारच झालेली नसते, नाहीतर खुरटलेली असते किंवा गळ्यात न उतरता जिभेच्या मुळाशीच राहिलेली असते. घराण्यात असं पुन्हा क्वचितच घडतं. बाकीच्यांची ग्रंथी जागेवर असते, हार्मोन बनवण्याची एखादी पायरी मोडलेली असते. बहुतेकदा दोष असतो २ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या टीपीओ (थायरॉईड पेरॉक्सिडेज हे विकर बनवणाऱ्या) जनुकात. त्यामुळे आयोडीन ग्रंथीत पोचतं, पण थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडलं जात नाही. हा प्रकार खरा आनुवंशिक, तोही अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो: आईबाप दोघंही वाहक (प्रत्येकाची एकच प्रत बिघडलेली) आणि दोघंही ठणठणीत, दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून "कोनालेच नाई" यावर थांबू नका, ताई. मामाची पोरगी केली आहे का, तेही विचारा. नात्यातल्या लग्नात दोघंही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते.

उपचार मात्र दोन्हीकडे सारखाच: लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडच्या हार्मोनची गोळी), शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू, सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम, नेमका डोस डॉक्टर ठरवतात. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्यायची. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी दिले, तर औषध नीट शोषलं जात नाही.

उरला 'जनुकीय', म्हणजे जनुकातल्या बदलाशी संबंधित, आणि खरा घोळ इथंच होतो. थायरॉईडच्या पॅपिलरी कर्करोगात बीआरएएफ जनुकातला बदल पुष्कळदा सापडतो. तो त्या गाठीच्या पेशींतच घडलेला असतो, पोराबाळांकडे जात नाही: जनुकीय खरा, आनुवंशिक नव्हे. थायरॉईडच्याच मेड्युलरी या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाचं तसं नाही. त्यातले साधारण चौथाई रुग्ण रेट जनुकातला दोष जन्मतःच घेऊन आलेले असतात, आणि तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. तिथं बेलाशक 'आनुवंशिक' लिहा आणि भावंडांच्या, मुलांच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगा.