तारखांचा कागद

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कामावर माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली आहे आणि तुला रात्री झोप लागत नाही, हे वाचून मलाही चैन पडेना. तुझी भीती अनाठायी नाही. पण पगार अजून चालू आहे, आणि तो चालू असेपर्यंत करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पगार थांबल्यावर तीच कामं फार अवघड होऊन बसतात.

कुठल्या खर्चाला कात्री लावू, असं तू विचारलंस. कात्री नंतर लाव. आधी एक कोरा कागद घे आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला घरातून जाणारे पैसे तारखेनिशी लिहून काढ. भाडं, कर्जाचे हप्ते, फी, विम्याचे हप्ते, आपोआप कापली जाणारी वर्गणी, सगळं. वर्षातून एकदाच येणारी देणी लोक हमखास विसरतात. त्यांना बाराने भागून तीही मांड.

मी या कागदावर एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. २००८ च्या मंदीत माझी नोकरी गेली आणि पाच महिने घरात पगार आला नाही. घरी कळल्यावर रोजचा खर्च आम्ही आठ-दहा दिवसांत निम्म्यावर आणला. त्याचं कोणाला फार वाटलंही नाही. पण पाच, सात आणि दहा या तारखांचं काही करता आलं नाही. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, शिवाय "एवढासाच तर आहे" म्हणून घेतलेले दोन लहान हप्ते. चार तारखेच्या रात्री मी दिवा न लावता बसून खात्यातली शिल्लक पुन्हा पुन्हा बघायचो. शेवटी सात तारखेचा हप्ता भरायला क्रेडिट कार्डावर पैसे उचलले, आणि तिथे मी फसलो.

महिन्याला तीन टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते चक्रवाढीने धरलं तर वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं, म्हणजे शंभराचे वर्षात जवळजवळ एकशे त्रेचाळीस. रक्कम किती काळात दुप्पट होईल हे काढायला ७२ ला व्याजदराने भागायचं. ७२ भागिले ३, म्हणजे चोवीस महिने. दोन वर्षांत दुप्पट! म्हणून तुझ्याकडे असं कर्ज असेल तर इतर कुठलीही गुंतवणूक वाढवण्याआधी ते फेड. सगळ्यात जास्त दराचं आधी, आणि तो हप्ता सुटला की तेवढेच पैसे पुढच्या कर्जावर घाल. आणि हे वर्ष जाईपर्यंत कोणालाही जामीन राहू नकोस, कितीही जवळचा माणूस असला तरी.

आता गंगाजळी. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, असं सगळेच सांगतात. घरात मिळवतं माणूस तू एकच, म्हणून तू सहा महिने धर. आकडा बघून हबकू नकोस. आधी एका महिन्याचा साठव. पहिल्या महिन्याने जो धीर येतो, तो फार मोठा असतो. हे पैसे शेअर बाजारात मात्र ठेवू नकोस. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेतला एस अँड पी ५०० निर्देशांक, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचं माप, निम्म्याहून जास्त घसरला, आणि त्याच सुमारास माणसांच्या नोकऱ्याही जात होत्या. नोकरी गेली त्याच वेळी पडत्या भावात शेअर विकावे लागणं, ही दुहेरी मार असते. हा पैसा मागितल्या दिवशी हातात आला पाहिजे. व्याज थोडं कमी मिळालं तर मिळू दे.

कात्री चालवायची ती यानंतर, आणि तीही रंगीत तालीम करून. पुढचा एक महिना पगार नाही असं समजून ज्यावाचून अडेल फक्त तेवढ्याच खर्चात घर चालव. उरलेले पैसे गंगाजळीत टाक. कुठे जीव मेटाकुटीला येतो आणि कुठे काही जाणवतही नाही, ते महिनाभरात कळेल. अंदाजाने काढलेला आकडा बहुतेक वेळा चुकतो, माझा तर बराच चुकला होता.

विम्याचं एकदा तपासून घे. नोकरीतून मिळालेला आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच जातो. स्वतःचा वेगळा विमा नोकरीत असतानाच घेतलेला बरा.

आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. हे सगळं घरच्यांपासून लपवून करू नकोस. मी दोन महिने बायकोला काही सांगितलं नव्हतं. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडायचो आणि संध्याकाळी परत यायचो. तिला कळलं तेव्हा नोकरी गेल्याचं तिला फारसं वाटलं नाही, रोज भरून दिलेल्या त्या डब्याचं वाटलं. नंतर तिनेच आमच्या तारखांचा असाच एक कागद पुढ्यात घेतला आणि पेन उचलून म्हणाली, "गाडी विकू या." आठवड्याभरात एक तारीख कागदावरून गेली. मी एकटा असतो तर आणखी सहा महिने ती गाडी दारात उभी ठेवली असती. दुसऱ्या दिवशी घराच्या कर्जासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो. त्या महिन्याचा हप्ता अजून चुकलेला नव्हता, म्हणून आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळाला. चुकल्यानंतर गेलो असतो तर कदाचित एवढं जमलं नसतं.

रविवारी मुलांना झोपवून तुम्ही दोघं बसा. कागद तयार झाला की माझ्याकडे पाठव, कच्चा असला तरी चालेल. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत जी देणी येतात, त्यांच्याखाली रेघ मारून ठेव. मी फोन करीन तेव्हा तिथूनच सुरुवात करू.