सवाल-जवाब : वेबसाइट आधी लॅपटॉपवर चालवून बघा

प्रश्न : चप्पल लाइनमधल्या आमच्या दुकानाची पाच पानांची साधी एचटीएमएल वेबसाइट आहे. होस्टिंगवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेवर) ती नीट चालते. पण लॅपटॉपवर (विंडोज ११) इंडेक्स फाइलवर डबल क्लिक केलं की सगळं रंगरूप जातं आणि जेसन (माहिती साठवायच्या) फाइलमधलं दरपत्रक येतच नाही. मग दर बदलले की प्रत्येक वेळी अपलोड करूनच बघायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही गरज नाही. डबल क्लिकने उघडलेल्या पानाचा पत्ता बघा, तो ‘फाइल’ने सुरू होतो. म्हणजे मध्ये सर्व्हर (मागेल त्याला पानं देणारा प्रोग्राम) नाहीच. ब्राउझर थेट डिस्कवरून वाचतोय. तुमच्या स्टाइलशीटचा (रंगरूप ठरवणाऱ्या फाइलचा) पत्ता बहुतेक तिरक्या रेघेने सुरू होत असणार : /सीएसएस/स्टाइल.सीएसएस. होस्टिंगवर त्या रेघेचा अर्थ साइटचं मूळ फोल्डर, इथे मात्र थेट ड्राइव्हचं मूळ. तिथे फाइल कुठली सापडायला! दरपत्रकाचं दुखणं वेगळं. डिस्कवरची फाइल फेच करायला, म्हणजे पानातल्या कोडने मागवायला, ब्राउझर सुरक्षेपायी नकार देतो. एफ१२ दाबून कन्सोल उघडा, ‘सीओआरएस’ची (याच सुरक्षा-नियमाची) लाल ओळ दिसेल.

इलाज एकच, लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालवायचा. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकून घ्या. इंडेक्स फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ लिहून एंटर मारा आणि काळ्या खिडकीत ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत, ‘पाय’ म्हणजे पी-वाय) :

पाय -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००

आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा. काम होईपर्यंत काळी खिडकी बंद करू नका. थांबवायचं तर कंट्रोल-सी.

साइटऐवजी फाइलींची यादी दिसली तर आज्ञा चुकीच्या फोल्डरमध्ये दिली आहे, किंवा फाइलचं खरं नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’ झालंय. नोटपॅड हा उद्योग हमखास करतो आणि विंडोज नावाचं हे शेवटचं शेपूट लपवतं. पोर्ट (आज्ञेतला ८००० हा आकडा, सर्व्हरचं दार) अडलेला असेल तर ८००१ द्या. बदल करूनही जुनंच पान दिसलं तर कंट्रोल-शिफ्ट-आर. चौकशीचा फॉर्म पीएचपीवर (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडवर) असेल तर तो इथे चालणार नाही, पाठवला की ५०१ ही चूक येईल. हा सर्व्हर फक्त तयार फाइली वाढतो, आणि तोही घरच्या कामापुरताच वापरावा.

प्रश्न : माझं उलटं आहे. लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, अपलोड केल्यावर निम्मे गायब!

उत्तर : फाइलींची नावं तपासा. विंडोजला छोटं-मोठं इंग्रजी अक्षर सारखंच. होस्टिंग बहुधा लिनक्सवर असतं, त्याला नाही. मोबाइलवरून आलेल्या फोटोचं ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत आणि तुमच्या कोडमध्ये छोट्या, एवढ्यानेही ४०४ (‘फाइल सापडली नाही’) येतो. सगळी नावं छोट्या अक्षरांत ठेवा, मधे जागा सोडू नका, आडवी रेघ वापरा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर केवळ अक्षर छोटं केल्याचं विंडोजवर गिटच्या लक्षात येत नाही. तिथे ‘गिट एमव्ही’नेच नाव बदला.

प्रश्न : हीच साइट अपलोड न करता मोबाइलवर बघता येईल का?

उत्तर : येईल. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. दुसऱ्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ द्या. आयपीव्ही४ समोरचा आकडा (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता), बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिहून पुढे :८००० जोडा. फायरवॉलने विचारलं तर ‘प्रायव्हेट’ नेटवर्कलाच परवानगी द्या. हॉटेल-हॉस्टेलच्या वायफायवर मात्र यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय अनेकदा केलेली असते. तिथे स्वतःचा हॉटस्पॉट लावा.