पुढच्या सायकलीच्या किती मागे?

प्रश्न : गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) तयारी करतेय. इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर आम्ही सायकली एकामागोमाग एक चिकटून चालवतो. शर्यतीत ते चालत नाही म्हणे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, ती सवय आजच मोडा. समोरच्या सायकलीच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. त्यात शिरलात की २५ सेकंदांत उजवीकडून पुढे निघायचंच, अर्ध्यातून मागे फिरणं नाही. तुम्हाला कोणी मागे टाकलं, तर मात्र मागे सरायचं तुम्हीच! हे फार जणांना ठाऊक नसतं. मी एकदा अंतर नजरेनं मोजलं, ते चुकलं. पंचांनी दंडाचं निळं कार्ड दाखवलं, पाच मिनिटं दंडाच्या तंबूत उभी. मांड्या गार पडल्या, रडू फुटलं. म्हणून सांगते, रविवारी टेप आणि खडू घेऊन जा, रस्त्याकडेला १२ मीटर आखा, डोळ्यांत बसेपर्यंत बघा.