पेणच्या एका अबोल मूर्तिकाराचे फोटो फ्लॅशशिवाय काढायचे आहेत. कोणती लेन्स घ्यावी?

लेन्सचं शेवटी. आधी मूर्तिकाराला ‘चांगल्या उजेडात’ बसवायचा विचार सोडा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस उजेडाच्या बाबतीत तुमच्याआमच्यापेक्षा चोखंदळ असतो. उजव्या हाताने काम करणारा खिडकी डावीकडेच घेतो, नाहीतर हाताची सावली नेमकी बुबुळावर पडते. बाजूचा उजेड आयता मिळाला. तुम्ही मूर्तीच्या खांद्याआड, त्यांच्या उजव्या अंगाला जमिनीवर बसा. कॅमेराही अर्धा झाकला जातो. त्या बाजूला पांढऱ्या रंगाचा नुसता हात दिलेली, अजून न रंगवलेली मूर्ती असेल तर तोच तुमचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारा.

खिडकीवर पावसासाठी निळी ताडपत्री असेल तर विचारून हातभर दुमडा. तिचा निळा चेहऱ्यावर उतरतो आणि व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्याच्या रंगछटा सुधारणाऱ्या सेटिंगने) काढायला गेलात की ट्यूबखालची बाजू पिवळी पडते.

माणूस बुजरा म्हणून लोक सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावतात आणि घरी येऊन फोटोत पट्टे बघतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीने वाचतं. शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवा. आखणी करताना हात स्थिरच असतो, तेवढा पुरतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६००. मीटरिंग (उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे एका ठिपक्यापुरतं, गालावर; एरवी पांढऱ्या मूर्तींमुळे चेहरा काळवंडतो. फोकसचा दिवा आणि बीप दोन्ही बंद.

‘फ्लॅश छतावर बाउन्स कर, कळणारही नाही’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. गंजक्या पत्र्यावरून काय बाउन्स होणार? आणि बुबुळ टेकवताना लखकन उजेड पडून कुंचला केसभर सरकला तरी मूर्तीची नजर तिरळी होते. त्या क्षणी क्लिकसुद्धा करू नका. बुबुळ टेकवून ते मान मागे घेतात, मूर्तीकडे बघतात. चेहरा मोकळा असतो तो तेव्हा, जेमतेम दोन सेकंद. ‘इकडे बघा’ म्हणालात की गेला.

लेन्स: क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम एफ/१.८ पुरे. ३५ने फार जवळ जावं लागतं.

हे सगळं दिवसाचं झालं. चतुर्थी जवळ आली की रात्रपाळी लागते. तेव्हा ट्यूब हाच उजेड माना, शेजारचा पिवळा बल्ब तेवढा विचारून बंद करा आणि १/१०० सोडू नका.